आंबलेल्या टाकीचा उतारा

साखर कारखान्यात आयुष्य काढलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. ज्या नळ्यांतून रस उकळत जातो, त्यांच्या आत रोज एक पातळ थर बसतो. एका दिवसाचा थर बोटालाही लागत नाही. हंगाम सरत आला, की मात्र तो छिन्नीनेच खरवडावा लागतो. आमच्या प्रयोगशाळेचे किस्से माझ्या मनात असेच बसले आहेत. मित्रमंडळी म्हणतात, "बुवा, तुमचे किस्से ऐकून पोट दुखेपर्यंत हसू येते." हसा, अवश्य हसा! पण खरवडताना माझा हात अजून थरथरतो, आणि तो म्हातारपणाने नव्हे, रागाने थरथरतो, एवढे ध्यानात असू द्या.

क्रोध हा षड्रिपूंपैकी एक, हे मला कोणी शिकवायला नको. रोज पहाटे पूजेला बसतो, तेव्हा तो मी देवाच्या पायाशी ठेवतो. उठताना मात्र, छत्री घेऊन निघावे तसा, न विसरता बरोबर घेऊन येतो! देवाची त्याला हरकत असती, तर एव्हाना त्याने ठेवून घेतला असता.

* * *

आधी त्या प्राण्याची ओळख करून देतो, कारण पुढचा सगळा अनर्थ त्याच्यावरून झाला.

बहात्तरच्या दुष्काळाचा हंगाम. श्रीरामपूरच्या अलीकडे आमचा सहकारी कारखाना, आणि मी त्याच्या प्रयोगशाळेचा प्रमुख. कॉलनीतल्या शनिवारच्या भजनात वीणा माझ्याकडे असे, म्हणून शिपायापासून चेअरमनपर्यंत सगळे मला 'बुवा' म्हणत. ऊस कमी, पाणी त्याहून कमी, आणि त्यात उतारा पडू लागला. शंभर भाग उसातून साखर किती निघाली, त्या प्रमाणाला आमच्याकडे उतारा म्हणतात. हा शब्द नीट लक्षात ठेवा. याच शब्दाने पुढे आमचा घात केला.

तापवून चुना घातलेला रस एका प्रचंड टाकीत निवळायला ठेवतात. गाळ खाली बसतो, स्वच्छ रस वरून पुढे जातो. त्या टाकीतल्या रसाला मला आंबट ताकासारखा वास आला. लिटमसचा निळा कागद बुडवला, तो लाल झाला. तोच रस उकळला, गरम पाण्यात बसवून ठेवला, आणि काही वेळाने तो आणखी आंबला! अमेरिकेत उकळत्या झऱ्यांत सजीव सापडल्याचे मी एका मासिकात वाचले होते. आमच्या टाकीत त्यांचीच भावकी नांदत होती. रस गार असला, की हे जिवाणू निजतात. उकळला, की बीजासारख्या कवचात शिरून बसतात. आणि आपला हात भाजेल पण रस उकळणार नाही, अशी ऊब मिळाली, की बाहेर येऊन साखरेवर ताव मारतात. त्यांना ती ऊब मिळू द्यायची नाही, हाच उपाय. रस सतत कडक तापता ठेवावा आणि टाकीच्या तळाचा गाळ धुऊन काढावा.

हे मी प्रथम सांगितले ते टाकीवरच्या याकोबला. याकोब श्रीरामपूरचा, रविवारी न चुकता चर्चला जाणारा, आणि शनिवारी आमच्या भजनात खंजिरी वाजवणारा. त्याची खंजिरी सुरू झाली, की माझ्या आवाजातली वीस वर्षे गळून पडत.

तो टाकीच्या कठड्याला टेकून ऐकत होता. मग म्हणाला, "म्हंजे बुवा, जितकं तापंल तितकं त्येंला बरं वाटतं?"

"एका मर्यादेपर्यंत. पंच्याऐंशी अंशांच्या खाली रस जाऊ दिला नाहीस, तर त्यांचे काही चालत नाही."

"पंच्याऐंशीच्या खाली नको," त्याने मनाशी घोकले. मग टाकीत वाकून पाहिले आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "पन ह्ये आमच्या फादरला सांगू नका बरं का, बुवा. नरकाच्या आगीत मजेत राहनारं कुनी हाय म्हनल्यावर पोरं त्येंचं ऐकायची न्हाईत!"

* * *

मी रीतसर रिपोर्ट लिहिला. रस पंच्याऐंशी अंशांच्या खाली जाऊ देऊ नये, टाकीचे वाफेचे नळ कधीही बंद करू नयेत, टाकी रिकामी करून उकळत्या पाण्याने धुवावी. चेअरमनसाहेबांच्या बैठकीत तो वाचण्यासाठी उभा राहिलो.

चेअरमनसाहेबांनी हात वर करून मला थांबवले. "उकळत्या रसात जिवंत जंतू? बुवा, तुम्ही रिपोर्ट देताय का कीर्तन करताय?"

सगळे हसले. सर्वांत मोठ्याने हसले ते आबासाहेब; चेअरमनसाहेबांचे मेहुणे, आणि केवळ त्या एका पात्रतेवर आमचे लेबर ऑफिसर.

मी म्हणालो, "साहेब, किमान टाकी धुवायला पाणी द्या."

"दुष्काळ चाललाय बुवा! प्यायला पाणी नाही लोकांना, आणि तुम्ही टाक्या धुवायच्या म्हणता?"

बोलणे बिनतोड होते. मी मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो, तर कारखान्याच्या आवारात नव्याने बसवलेल्या मूर्तीच्या अभिषेकासाठी पाण्याचा आख्खा टँकर उभा!

मंडळी, मी मूर्तीपुढे रोज नाक घासणारा माणूस आहे. पळीभर पाण्याने तृप्त होणारा माझा देव. त्याच्या नावावर टँकर रिकामा करताना यांना लाज वाटली नाही! आणि बैठकीच्या शेवटी आबासाहेब काय म्हणाले असतील? "दाजी, उतारा पडलाय ना? मग सरळ उतारा टाकू की! नारळ, लिंबू, भात. कुणाची तरी नजर लागली आहे."

बैठकीच्या नोंदीत 'उताऱ्याबाबत योग्य ती कार्यवाही करावी' असे लिहिले गेले. कोणत्या उताऱ्याबाबत, ते कोणी विचारले नाही.

* * *

त्या कार्यवाहीचा पहिला भाग म्हणून दर गुरुवारी महाआरती ठरली. कारखाना थांबवायचा, सगळ्यांनी मूर्तीपुढे जमायचे, आरती, मग चेअरमनसाहेबांचे भाषण, मग प्रसाद, मग आणखी कोणाचे तरी भाषण. सकाळी थांबलेले गाळप संध्याकाळी सुरू होई. तोवर उसाच्या बैलगाड्या उन्हात उभ्या, आणि घोडेगावच्या बाजारातून आणलेली ती उमदी जनावरे वैरणीवाचून माना टाकून बसलेली.

आरती म्हणण्याचा मान अर्थातच माझ्याकडे आला. नाही म्हणणार कसे? आरती आहे ती! पण पहिल्याच गुरुवारी मी तबक हाती घेतले आणि टाकीकडून वाफेचा फुसफुसाट ऐकू आला. नळांचे सांधे जुने झाले होते.

चेअरमनसाहेब लाउडस्पीकरवरून गरजले, "ती वाफ बंद करा आधी! आरती ऐकू येत नाही!"

मी तबक खाली ठेवून म्हणालो, "साहेब, वाफ बंद केली तर टाकी निवेल. निवता निवता नेमकी त्या जंतूंना हवी तेवढ्या उबेवर येईल, आणि दिवसभर तिथेच राहील. त्यांचे जेवण आपण आपल्या हाताने वाढतो आहोत."

"बुवा, देवापुढे जंतूंचं नाव काढू नका. अपशकुन होतो."

अपशकुन! सर्व भूतांत देव पाहावा, असे ज्या संतांनी सांगितले, त्यांच्या तसबिरी याच माणसाच्या केबिनमध्ये चारही भिंतींवर! भूतमात्रात देव आहे, पण टाकीत जीव असू शकत नाही! मी आरती म्हटली. शब्द देवाचे होते, पण आवाजात जे होते ते देवासाठी नव्हते, एवढे त्याला कळले असावे.

सगळे कामगार मूर्तीपुढे, आणि टाकीपाशी एकटा याकोब. इतरांना वाटे, ख्रिस्ती म्हणून तो आरतीला येत नाही. खरे म्हणजे टाकी बेवारस सोडणे त्याच्या जिवावर येत असे. संध्याकाळी मी गेलो, तर तो रसाचा ग्लास हातात धरून उभा होता.

"बुवा, बंद कर म्हनले, बंद केली. हुकूम हाय." त्याने ग्लास माझ्यापुढे धरला. "आता मीठ-जिरं टाका न् प्या. टाकीचं ताक झालंय!"

* * *

त्याच सुमारास उसाच्या चोथ्याचा प्रकार घडला. गाळप झालेल्या उसाचा चोथा, ज्याला आम्ही बगॅस म्हणतो, त्याचा डोंगराएवढा ढीग आवारात असे. एका दुपारी त्यातून धूर निघू लागला. आबासाहेब धावत आले आणि त्यांनी ढिगावरच्या पहारेकऱ्याची, गेनूची, मानगूट धरली.

"विडी ओढून टाकलीस ना? खरं बोल!"

गेनू माळकरी. गळ्यात तुळशीची माळ. विडी ओढणे सोडाच, ओढणाऱ्याच्या शेजारी बसून तो जेवत नसे. माळ हातात धरून तो नुसताच म्हणत राहिला, "न्हाई सायेब. न्हाई ओ सायेब."

मला राहवेना. लांब लोखंडी कांब आणवली आणि धूर नव्हता त्या बाजूने ढिगात खोल खुपसली. ओल्या ढिगाच्या पोटातही असेच उष्णतेचे वेडे जिवाणू चोथा खात बसलेले असतात. खाता खाता ते ढीग इतका तापवतात, की पुढे तो आपोआप धुमसू लागतो. थोड्या वेळाने कांब बाहेर ओढली आणि आबासाहेबांना म्हणालो, "टोक जरा हातात धरून पाहा."

त्यांनी धरले आणि "आई गं!" करून फेकले!

आतापर्यंत नुसते 'न्हाई' म्हणणारा गेनू अगदी विनयाने म्हणाला, "सायेब, ह्या बाजूला तर म्या आजून गेलोबी न्हाई. हितं इडी कुनाची?"

निकाल ऐका. गेनूला लेखी ताकीद मिळाली. ढिगाला मिळाली नाही.

* * *

मी सगळ्यांना इतक्यांदा 'जंतू, जंतू' म्हणालो, की आबासाहेबांनी अखेर त्यावरही कार्यवाही केली. एका सकाळी खाकी कपड्यांतली दोन माणसे पाठीला पंप बांधून प्रयोगशाळेच्या दारात उभी!

"कोण हवे आपल्याला?"

"डीडीटी मारायला आलोय. जंतू झालेत म्हणून फोन आला होता."

मी त्यांना टाकीपर्यंत नेले. त्यांतल्या एकाने वर चढून वाफाळत्या रसाकडे पाहिले, खाली माझ्याकडे पाहिले, आणि प्रामाणिकपणे विचारले, "साहेब, रसात मारायचं का रसाभोवती?"

मी याकोबकडे पाहिले. याकोबने आबासाहेबांच्या केबिनकडे बोट दाखवले. "पयलं तिकडं मारा. उगम तिकडं हाय!"

ती माणसे सरळमार्गी होती. पंप सरसावून ती खरोखरच तिकडे निघाली. त्यांना मी थांबवले. याचा मला आजही पश्चात्ताप होतो.

* * *

आता हसणे थोडे आवरते घ्या.

गुरुवारमागून गुरुवार गेले, दर शुक्रवारी रस आंबलेला, दर शनिवारी उतारा आणखी खाली. सभासद शेतकरी गेटवर येऊन विचारू लागले. मग एका शुक्रवारी चेअरमनसाहेब स्वतः टाकी पाहायला आले. बरोबर आबासाहेब, मागे आम्ही. टाकीच्या जिन्याखाली साहेबांचा पाय कशावर तरी पडला. पाहतात तो केळीचे पान, त्यावर भात, कुंकू, फोडलेला नारळ, आणि कापलेले लिंबू!

हा आबासाहेबांचाच उतारा. आदल्या दिवशी त्यांचा देवऋषी पिशवी घेऊन आवारात शिरताना आम्ही काही जणांनी पाहिला होता. मी आबासाहेबांकडे पाहिले. त्यांचा चेहरा कुंकवासारखा झाला होता. बैठकीतली ती सूचना साहेब विसरून गेले होते, मेहुण्याने खरोखरच देवऋषी आणल्याचे त्यांना ठाऊक नव्हते, आणि साहेबांचा पाय उताऱ्यावर पडलेला! आता ते कबूल कोण करणार? आणि मेहुण्याविरुद्ध आमचे ऐकणार कोण?

साहेब ओरडले, "हे कुणी टाकलं इथं?"

आबासाहेबांनी क्षणभरही वेळ घेतला नाही. "दाजी, सगळे आरतीला असतात. टाकीपाशी एकटा कोण असतो? आणि लिंबू पाहा ना, कापलेलं आहे! हाच रसात पिळत असणार. म्हणून तर रस आंबतो!"

मंडळी, याला काय म्हणावे? घराएवढी टाकी, आणि तिला आंबवायला एक लिंबू!

याकोबने लिंबू उचलले, उलटून पाहिले. "सायेब, येका लिंबानं येवढी टाकी आंबत आसंल, तर कारखाना इका न् लिंबाची बाग लावा!"

कोणी हसले नाही. त्याच दुपारी त्याला आरोपपत्र मिळाले: 'धार्मिक द्वेषातून रसात आम्ल पदार्थ मिसळला.' तो निलंबित झाला. आरोपपत्रातले ते पहिले दोन शब्द वाचले आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या शनिवारी मी भजनात वीणा घेतली खरी, पण खंजिरीची जागा मोकळी होती. पहिलाच अभंग अर्ध्यावर सोडून मी उठलो.

* * *

सोमवारी चौकशी. आबासाहेब चौकशी अधिकारी! स्वतःच्या लिंबाची चौकशी स्वतः!

त्यांनी याकोबपुढे कोरा कागद सरकवला. आवाजात मध होता. "हे बघ याकोब, तुलाही बायको-पोरं आहेत. चूक झाली, लिंबू पिळलं, माफी असावी, एवढं लिही. उद्यापासून कामावर ये. नाहीतर घरी बस."

याकोबची थोरली मुलगी त्या वर्षी मॅट्रिकला होती. निलंबन कायम झाले असते, तर कॉलनीतली खोलीही जाणार होती. हे मला माहीत होते, आबासाहेबांनाही माहीत होते. त्याच भरवशावर तर तो कागद सरकवला होता.

याकोबने कागद परत सरकवला. "न केलेल्या पापाची कबुली म्या आमच्या फादरम्होरंबी देत न्हाई, सायेब. तुमी तर आजून फादर झाला न्हाई."

तो बाहेर गेला. साक्षीदार म्हणून बसलेला मी तसाच उठून चेअरमनसाहेबांच्या केबिनमध्ये शिरलो. मी त्यांना काय काय बोललो ते सगळे सांगत नाही; त्यातले काही शब्द वीणा धरणाऱ्या माणसाच्या तोंडी शोभणारे नव्हते. शेवटी म्हणालो, "माझ्यावर विश्वास नाही ना? स्वतःच्या कपाटावर आहे का?"

साहेबांच्या टेबलावर त्यांच्या चहाचा थर्मास होता. तो रिकामा करून घेतला. टाकीतला रस त्यांच्या डोळ्यांदेखत शेगडीवर खळखळून उकळवला. अर्धा तसाच मंद शेगडीवर वाफाळत ठेवला आणि साहेबांचा शिपाई तिथे राखणीला बसवला. उरलेला हात भाजेल इतपत निवू दिला, थर्मासात भरला आणि वर बूच घातले. थर्मास साहेबांनी आपल्या हाताने आपल्या पोलादी कपाटात ठेवला, कुलूप घातले, आणि किल्ली गळ्यातल्या साखळीत अडकवली.

"उद्या सकाळी दोन्ही चाखा," मी म्हणालो. "याकोब तर गेटच्या बाहेर आहे."

* * *

सकाळी सारे केबिनमध्ये जमले. साहेबांनी आधी शेगडीवरच्या रसाचा चमचा तोंडात घातला. आटून घट्ट झालेला, पण गोड होता. मग गळ्यातली किल्ली काढून कपाट उघडले, थर्मासाचे बूच काढले. फस्स करून वायू सुटला. साहेबांनी चमचाभर रस तोंडात घातला, आणि चिंच चावल्यासारखे त्यांचे डोळे मिटले.

मी विचारले, "आता सांगा साहेब. कपाटात याकोब होता का?"

मला वाटले, झाले. सत्य समोर आहे, जिभेवर आहे, आता कुठे जाईल? मी मनातल्या मनात देवाला हात जोडले.

चेअरमनसाहेबांच्या कपाळावर घाम आला होता. ते हळूहळू खुर्चीत बसले आणि खोल गेलेल्या आवाजात म्हणाले, "आबा... बाबा रे... माझ्या कपाटापर्यंत करणी पोचली!"

मी तिथून निघालो, तो थेट घरी गेलो आणि देवघराच्या उंबऱ्यावर बसून राहिलो. हिने विचारले, "काय झालं?" मी म्हणालो, "काही नाही. आज देवाशी माझे भांडण आहे." तिने शहाणपणाने पाण्याचा तांब्या माझ्याजवळ ठेवला आणि देवघराचे दार लोटून घेतले. कोणत्या बाजूच्या रक्षणासाठी, ते मी विचारले नाही.

* * *

शेवटचा किस्सा त्याच आठवड्यातला.

घाबरलेल्या साहेबांनी देवऋषी बोलावला, तो नेमका आबासाहेबांचाच! त्याने डोळे फिरवले, तांदूळ फेकले आणि सांगितले, "ज्याचं लिंबू, त्यानंच उतरवलं पाहिजे. दुसऱ्या कुणाच्यानं व्हायचं न्हाई." आबासाहेबांची अवस्था पाहण्यासारखी झाली. लिंबू कोणाचे, ते देवऋषीला ठाऊक, आबासाहेबांना ठाऊक. पण बोलतील कसे? साहेबांच्या लेखी लिंबू याकोबचे होते. आरोपपत्रातच तसे लिहिले होते!

म्हणून चेअरमनसाहेबांची जीप कॉलनीच्या शेवटच्या चाळीपुढे थांबली. मला साक्षीला नेले होते. याकोबची बायको दारात उभी राहिली. तिने बसा म्हटले नाही. याकोब अंगणात खाटेचा सुंभ ताणत होता.

साहेब म्हणाले, "याकोबराव, झालं गेलं विसरा. तेवढा उतारा उतरवून द्या."

साहेबांच्या तोंडून 'राव' ऐकून माझे कान लाल झाले. याकोबने माझ्याकडे पाहिले. मी मान वळवली. खोट्या मंत्रतंत्राला मी हो म्हणणार नव्हतो, आणि त्याच्या मुलीच्या मॅट्रिकला नाही म्हणण्याचा मला अधिकार नव्हता.

याकोब सुंभ ताणता ताणता म्हणाला, "मला मंतरबिंतर येत न्हाई, सायेब. आधीच सांगून ठिवतो. टाकीचं काम येतं, त्येवढं करीन. पन आदुगर तो कागूद फाडा. माझ्याम्होरं."

साहेबांनी आरोपपत्र तिथेच फाडले.

"दुसरं, टाकी पार रिकामी करायची. कढत पान्यानं तळापतूर धुवायची. टँकर लागंल."

"मिळेल!"

"तिसरं, वाफ. आरती आसू, भाषन आसू, मंत्री येऊ, वाफ बंद हुनार न्हाई."

"नाही होणार! शब्द आहे माझा!"

माझ्या रिपोर्टातली ही ओळ न् ओळ होती. बैठकीत तिला कवडीची किंमत मिळाली नव्हती!

गुरुवारी टाकी धुतली गेली. गाळ निघाला तो इतका कुजकट, की आबासाहेब नाकाला रुमाल लावून मागच्या मागे सटकले. मग नवा रस भरला, वाफेचे नळ उघडले, सांधे फुसफुसू लागले. सगळे कामगार टाकीभोवती जमले होते. मूर्तीपुढे त्या दिवशी कोणीच नव्हते. साहेब सर्वांत पुढे, अनवाणी, हात जोडून.

याकोब हातात तापमापक घेऊन जिना चढला आणि टाकीच्या कठड्याभोवती हळूहळू फिरू लागला. चार पावले टाकायची, तापमापक बुडवायचा, वाचायचा, पुढे जायचे. त्याचे ओठ हलत होते. वाफेच्या आवाजात शब्द कळत नव्हते, पण ठेका मला ओळखीचा वाटला. शनिवारच्या खंजिरीचा!

साहेबांनी माझ्या कानाशी लागून विचारले, "काय म्हणतोय हो तो?"

मी दोन पायऱ्या वर चढलो आणि कान दिला.

"पंच्याऐंशीच्या खाली नको, पंच्याऐंशीच्या खाली नको, पंच्याऐंशीच्या खाली नको..."

मी खाली उतरलो. साहेबांनी पुन्हा विचारले. मी म्हणालो, "प्रार्थना आहे."

याकोबची फेरी पूर्ण झाली. त्याने तापमापक पुसून खिशात ठेवला आणि टोपी काढून कपाळावरचा घाम टिपला. सगळ्यांच्या नजरा साहेबांकडे वळल्या. चेअरमनसाहेबांना वाटले, आता आपण काहीतरी म्हटले पाहिजे. त्यांनी डोळे मिटले, जोडलेले हात कपाळाला लावले, आणि साऱ्या कारखान्याला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात ते म्हणाले,

"आमेन!"